धूर काय सांगतो?

मुलामुलींनो,

सायकलच्या चेनवरचा लेख वाचून तुमच्यातल्या एकाचं पोस्टकार्ड आलं. अक्षर अगदी टपोरं. लिहिलंय, "बाई, आमच्या जुन्या गाडीतून निळा धूर येतो. बाबा म्हणतात, गाडी म्हातारी झाली. पण माझे आजोबा पण म्हातारे आहेत, ते नाही धूर सोडत! मग गाडीच का सोडते?"

वाचून मी एकटीच हसत बसले. नंतर वाटलं, पोराचा प्रश्न किती बरोबर आहे! 'म्हातारी झाली' हे काही उत्तर नव्हे. तिचं नेमकं काय झिजलं? कुठे झिजलं? आणि ते कळायचं कसं? गाडीला काही 'जीभ दाखव' म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे हाच प्रश्न आमच्याकडे एका हिवाळ्यात आला होता. त्यापायी दोन घरांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. तीच गोष्ट आज सांगते.

गल्लीतलं भांडण

मी राहते ते दिवाळे गाव नवी मुंबईत आहे. बेलापूरच्या किल्ल्याजवळ, पनवेलच्या खाडीला लागून असलेलं हे कोळ्यांचं गाव. एका बाजूला सीबीडीच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला खाडीत डोलणाऱ्या होड्या. गल्ल्या मात्र इतक्या अरुंद, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की समोरच्या घरात शिंक येते.

अशा गल्लीत माझ्या मामाची जुनी पेट्रोल गाडी उभी असते. गाडीची कंपनी सांगत नाही, वय सांगते. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी करावी लागते ना, ती होऊनही तिला बरीच वर्षं झाली. पहाटे मामीला आणि तिच्या मासळीच्या पाटीला बाजारात सोडायचं, हे तिचं रोजचं काम. मामा अंधारात गाडी सुरू करायचा, इंजिन गरम व्हावं म्हणून दहा मिनिटं तशीच ठेवायचा आणि मग निघायचा.

समोरच्या घरात माझ्या वर्गातला एक मुलगा राहतो. तिसरीत आहे, त्याला दमा आहे. मामाच्या गाडीचा धूर सरळ त्यांच्या खिडकीत जायचा. एक दिवस त्याची आजी बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या नातवाचा जीव घेशील का रे?" मामाही चिडला. झालं! दुसऱ्या दिवसापासून आजीनं मामीशी बोलणं टाकलं.

मामा गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेला. तिथल्या मिस्त्रींनी एकदा रेस देऊन धूर पाहिला आणि निकाल दिला, "निळा धूर. रिंगा गेल्या. इंजिन खाली उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मामा पांढराफटक पडला. दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता तो. मला म्हणाला, "काय सांगू गो, गारी पेट्रोल कमी न् ऑइल जास्त खाते. भंगारात घालू का?"

बाबांचा प्रश्न

मी बाबांना फोन लावला. माझे बाबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. तुमच्यापैकी काहींनी ती काळी-पिवळी पद्मिनी फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. मूळ आराखडा इटलीच्या फियाट कंपनीचा, इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी. कितीतरी वर्षं मुंबईत टॅक्सी म्हणजे पद्मिनी हेच समीकरण होतं. मग टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली, आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

बाबा रोज सकाळी देवाला नमस्कार करायचे आणि मग बॉनेट उघडायचे. ऑइलची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत ओढून बघायची. तेव्हा मला ते पूजेचाच एक भाग वाटायचं!

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "धूर कधी येतो?"

मी म्हटलं, "निळा येतो."

"रंग नाही विचारला. कधी येतो, ते विचारलं."

मुलांनो, मी गप्प. उत्तर मला माहीतच नव्हतं. मामालाही नव्हतं. आणि एकदाच रेस देऊन निकाल देणाऱ्या मिस्त्रींनीही ते विचारलं नव्हतं.

आधी रंग

रंग अगदीच बिनकामाचा नाही बरं का. तो पहिली खूण देतो. तीन रंग लक्षात ठेवा.

पांढरा : थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरे लोट येतात आणि पाइपाच्या टोकातून पाणी टपकतं. घाबरू नका, ती वाफ आहे. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होतं. किती, माहितेय? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी! एरवी ते वाफ होऊन निघून जातं म्हणून दिसत नाही. थंड पाइपात आणि थंड हवेत त्याचे थेंब होतात. पण इंजिन चांगलं तापल्यावर, ऊन पडल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर मात्र गडबड आहे. हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं गॅस्केट गेलं, की कूलंट सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊ लागतं.

काळा : हा न जळलेल्या कोळशाचा, म्हणजे काजळीचा. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की तो येतो. चुलीत एकदम खूप लाकडं कोंबल्यावर होतं ना, तसंच. हवेची जाळी धुळीनं भरली असेल, किंवा जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकला असेल.

निळा : हा ऑइलचा. आणि तो निळाच का, हे फार सुंदर आहे. जळत्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या ऑइलचे थेंब अतिशय बारीक असतात, प्रकाशाच्या लहरीहूनही लहान. असे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं तेही प्रकाश असा विखुरल्यामुळेच. वाफेचे थेंब मोठे, ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून वाफ पांढरी. देवघरातली उदबत्ती बघा. काळोख्या भिंतीसमोर तिची धुराची रेघ निळसर दिसते.

आमच्या बंदरावर होडीचं डिझेल इंजिन सुरू झालं की कधी काळा भपका येतो. तिथेही नियम तोच. डिझेल जास्त, हवा कमी.

चोर दोन वाटांनी येतो

आता निळ्या धुराकडे वळू. ऑइल जळतं कुठे? सिलिंडरमध्ये. पण तिथे ऑइलचं काम काय? काहीच नाही! तिथे फक्त पेट्रोल आणि हवा यांनी यायचं. ऑइल चोरवाटेनं घुसतं.

सायकलचा पंप आठवा. आतला दांडा खाली-वर होतो आणि त्याच्या टोकाला चामड्याचा वॉशर असतो. वॉशर झिजला की हवा बाजूनं निसटते आणि कितीही जोर लावला तरी चाक भरत नाही. इंजिनात दांड्याच्या जागी पिस्टन आणि वॉशरच्या जागी लोखंडी रिंगा. बहुतेक गाड्यांत एका पिस्टनला तीन. वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात. खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवर उडालेलं ऑइल खरवडून परत खाली चेंबरमध्ये पाठवते, अगदी आई थालीपिठाच्या पिठाची परात बोटानं निपटते तशी. अशी चिरलेली लवचीक रिंग इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५२ साली वाफेच्या इंजिनासाठी काढली, आणि ती कल्पना आजही चालते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो. वर्षानुवर्षं हे चाललं की रिंगा झिजतात, किंवा काजळीनं आपल्या खाचेत चिकटून बसतात. ही खालची वाट.

दुसरी वाट वरून. सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात. एक हवा-पेट्रोल आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. त्यांच्या दांड्यांना वरून ऑइल मिळत असतं. ते दांड्यावरून खाली गळू नये म्हणून प्रत्येक दांड्यावर रबराची छोटीशी टोपी असते. तिला म्हणतात व्हॉल्व्ह सील. उष्णतेनं रबर वर्षांनी कडक होतं, त्याला चिरा जातात, आणि थेंब थेंब ऑइल खाली उतरू लागतं.

खालच्या वाटेची दुरुस्ती म्हणजे बहुधा इंजिन खोलणं. वरच्या वाटेची त्यामानानं पुष्कळ स्वस्त. धूर दोन्हींचा निळाच! मग ओळखायचं कसं? इथे बाबांचा प्रश्न कामाला येतो. कधी?

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका येतो आणि थोड्या वेळात ओसरतो. याचा अर्थ रात्रभर वरून थेंब थेंब ऑइल उतरून साठलं होतं. संशय सीलवर.

उतारावर पाय पेडलवरून काढून गाडी खाली आली आणि पुन्हा पेडल दाबताच भपका आला, तरीही पहिला संशय सीलवर. पेडल सोडलेलं असताना इंजिनाला हवा मिळत नाही, आत जोराची ओढ तयार होते, आणि ती ओढ सीलच्या फटीतून ऑइल खेचून घेते. स्ट्रॉचं टोक बोटानं दाबून सरबत ओढलंत तर गाल आत जातात ना, तीच ओढ.

चढावर, ओझं घेऊन, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर.

पण लक्षात ठेवा, हे संशय आहेत, निकाल नव्हेत.

वहीतला पुरावा

मी मामाला दोनशे पानी वहीतली चार पानं फाडून दिली. चार रकाने आखले : तारीख, किलोमीटर, धूर कधी आला, पट्टीवर ऑइल कुठे. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल बघायचं ते सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर. नाहीतर आकडा खोटा येतो.

पहिल्याच सकाळी मी फसले. जानेवारीतली गार पहाट. गाडीमागे पांढरा लोट! मी म्हटलं, "मामा, गॅस्केटही गेलं वाटतं!" मामानं पाइपापासून हातभर अंतरावर एक कोरा कागद धरला. कागदावर पाण्याचे ठिपके आले, वाळून गेले. पण काही ठिपके वाळलेच नाहीत. भज्यांच्या पुडीच्या कागदासारखे अर्धपारदर्शक राहिले. म्हणजे वाफेच्या आड ऑइलही होतं. डोळ्यांना फक्त पांढरं दिसलं होतं.

ऑइल बाहेर गळतंय का, तेही बघायला हवं होतं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरला. सकाळी त्यावर एकही डाग नाही. म्हणजे ऑइल जळतच होतं.

मग रविवारी आम्ही पारसिक हिलवर गेलो. बेलापूरहून वर चढणारा तो रस्ता तुम्हाला माहीत असेल. चढताना मी मागच्या काचेतून बघत बसले होते. धूर नाही. उतरताना मामानं पेडलवरून पाय काढला. पायथ्याशी आल्यावर पुन्हा दाबला, आणि मागे निळा भपका! उरण फाट्याच्या सिग्नलला बराच वेळ थांबून निघालो, तेव्हाही तसाच.

पंधरा दिवसांत ४०० किलोमीटर झाले आणि अर्धा लिटर ऑइल कमी झालं.

ही वही घेऊन मामा दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेला. त्यांनी ती सगळी वाचली. मग चारही प्लग काढून दाखवले. दोन कोरडे, दोन काळे आणि ओलसर. नंतर प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. चारही आकडे चांगले आणि जवळपास सारखे. एखादा आकडा कमी आला असता, तर त्यांनी त्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं असतं. ऑइलनं फट बुजून दाब वाढला, तर दोष रिंगांचा. नाही वाढला, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. किती साधी युक्ती आहे, पाहा!

मिस्त्री म्हणाले, "इंजिन उतरवायची गरज दिसत नाही. आधी सील बदलू. पण एक सांगून ठेवतो. ऑइलची रिंग चिकटलेली असली, तर दाब चांगला असूनही थोडं ऑइल जात राहील. मग माझ्यावर रागवायचं नाही."

मला तो माणूस फार आवडला. जेवढं माहीत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं.

दीड दिवसात काम झालं. इंजिन गाडीतच राहिलं. खर्च आधीच्या आकड्याच्या मानानं अगदी थोडा. सकाळचा भपका बंद झाला. पुढच्या ४०० किलोमीटरमध्ये ऑइल कमी झालं ते साधारण १०० मिली. शून्य नाही. मिस्त्रींचा इशारा खरा ठरला म्हणायचा. गाडी तरुण झाली नाही, पण सुधारली.

आणि आजी?

धूर कमी झाला तरी एक चूक बाकी होती. ती गाडीची नव्हती, आमची होती. गल्लीत उभं राहून दहा मिनिटं इंजिन गरम करायची गरजच नसते. अर्ध्या-एक मिनिटानं निघायचं आणि सुरुवातीला हळू चालवायचं. चालता चालता इंजिन लवकर गरम होतं. आता मामा तसंच करतो.

कारण दिसणारा धूर हाच काही एकटा शत्रू नाही. सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो विषारी आहे. पीयूसीच्या तपासणीत पेट्रोलच्या गाडीतला हाच वायू आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. ऑइल जळणाऱ्या गाडीत ते हायड्रोकार्बन वाढतात. शिवाय १९९५पासून आधी चार महानगरांत आणि मग सगळीकडे नव्या पेट्रोल गाड्यांना धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. ऑइलमध्ये फॉस्फरस असतो. ते ऑइल जळत राहिलं, तर तो कन्व्हर्टरही हळूहळू निकामी होतो. म्हणजे आज सीलची कुचराई केली, तर उद्या मोठा खर्च!

काही दिवसांनी मामी बाजारातून परत येताना आजीनं ओट्यावरून हाक मारली, "आज बोंबील आहेत का गं?" बस्स, एवढंच. पण मामीनं त्या दिवशी बोंबलांचे पैसे घेतले नाहीत.

तर पत्र पाठवणाऱ्या माझ्या मित्रा, तुझ्या बाबांना सांग, 'म्हातारी झाली' म्हणून सोडून देऊ नका. वही काढा. निकाल घाईनं देऊ नये, हे मी वर्गातही शिकते आहे. एखादा मुलगा वर्गात पेंगतो, तेव्हा 'आळशी आहे' म्हणणं सोपं असतं. 'कधी पेंगतो?' असं विचारलं, की कळतं, बाबांबरोबर पहाटे खाडीवर गेलेला असतो.

करून बघा

काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि दुधाचे दोन-तीन थेंब टाका. खोलीत अंधार करून एका बाजूनं टॉर्च लावा. बाजूनं पाहिलंत तर पाणी निळसर दिसेल. टॉर्चच्या समोरून पाहिलंत तर प्रकाश पिवळट-नारिंगी दिसेल. निळा धूर तुमच्या ग्लासात! थेंब वाढवत जा आणि निळेपणाचं काय होतं, ते लिहा.

सावधान : गाडीचं काही बघायचं ते मोठ्या माणसांबरोबरच. सायलेन्सरमागे उभं राहायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. बंद जागेत गाडी कधीही सुरू करू द्यायची नाही. गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडायचं नाही.

डोकं चालवा

१. एका गाडीतून दुपारच्या उन्हातही पांढरा धूर येतो आणि रेडिएटरमध्ये रोज पाणी घालावं लागतं.

२. दुसरी गाडी सकाळी स्वच्छ सुरू होते, पण घाट चढताना सतत निळा धूर सोडते.

३. तिसऱ्या गाडीतून धूर कोणत्याच रंगाचा येत नाही, तरी पट्टीवरचं ऑइल दर आठवड्याला उतरतं.

तिघींना काय झालं असेल? आणि खात्री करायला तुम्ही पुढे काय तपासाल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जास्त गुण! पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तरं पुढच्या आठवड्यात.

तुमची,
बाई